चार बहिणी आन् एक मोलकरीण

"तू मोलकरीण हो," बाई म्हणल्या. "तुला शिकवायची गरजच नाही. घरी बघतेसच की."

वर्गातल्या पोरी हसल्या. मीबी हसले. हे आधीच सांगून टाकते, मंग पुढचं. मी हसले.

नववीत होते मी. जालन्यातली शाळा. घर मस्तगड वस्तीत, तिथून चालत जायचे. स्नेहसंमेलनात नाटक बसवायचं ठरलं होतं. परदेशातली एक जुनी, गाजलेली कादंबरी. एका घरात वाढणाऱ्या चार बहिणींची. मराठीत आणलेली. तिच्यावरून मराठीच्या बाईंनी नाटक लिहिलं होतं. त्यांनी वर्गाला विचारलं, "ही कादंबरी कुणी वाचली आहे?"

एकच हात वर गेला. माझा.

"तू? पूर्ण?"

"तीनदा, बाई."

बाईंनी डोळे कागदावर नेले आन् नावं वाचायला लागल्या. एक डॉक्टरची पोरगी. एक कापडदुकानवाल्याची. अजून दोघी तशाच. चौघी गोऱ्या. चौघी शाळेत गाडीतून यायच्या. "चौघी एका घरातल्या वाटल्या पाहिजेत," बाई म्हणल्या. मंग माझ्याकडं पाहिलं. आन् मंग ते, मोलकरणीचं.

माझी माय बाईंच्याच घरी भांडे घासायची. वर्गाला ठाऊक होतं.

आम्हीबी चौघी बहिणी. आक्का, मंगल, मी आन् लहानी पिंकी. बाप वीटभट्टीच्या कामावर दूर, सहा-सहा महिने यायचा न्हाई. आक्कानं आठवीतून शाळा सोडल्ती. सीझनला सकाळी जीपात बसून जाफराबादकडं जायची, बियाण्याच्या प्लॉटवर. कपाशीच्या एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावायचे, दिवसभर, वाकून. संध्याकाळी आली की पाय पसरून बसायची आन् म्हणायची, "वाच."

मी वाचायचे. शाळेच्या कपाटातून आणलेली तीच कादंबरी. मंगल भाकरी थापता थापता ऐकायची. पिंकी मधीच विचारायची, "मंग? मंग काय झालं?" त्या पुस्तकातल्या बहिणी भांडायच्या, रुसायच्या, एकमेकीचे कपडे घालायच्या. आक्का म्हणायची, "हे तर आपलंच हाय." आम्ही बहिणी वाटून घेतल्या. मोठी आक्का. शांत मंगल. देखणी पिंकी, तिनं हट्टच धरला. लिहिणारी मी. त्यावर कुणी भांडलं न्हाई.

म्हणून तर मी हात वर केल्ता.

तालमी सुरू झाल्या. माझं पहिलं वाक्य होतं, "जेवण तयार आहे, बाईसाहेब." मी बराबर म्हणलं. बाईंनी हात केला. "असं नको. तू घरी बोलतेस तसं बोल. न्हाई, मंग, आल्ते, गेल्ते. लोकांना मजा येईल."

याच बाईंनी सहावीत माझ्याकडून 'नाही' हा शब्द शंभर वेळा लिहून घेतल्ता. वहीत मी 'न्हाई' लिहिलं होतं म्हणून. शंभर वेळा लिहून मी तो शब्द शिकले. आता म्हणे, विसर.

मी बोलले घरच्यासारखं. सगळा हॉल हसला. बाईंना आवडलं. रोज वाक्यं वाढत गेली. मोलकरीण हातातली बशी पाडते. मोलकरणीला पाहुण्याचं नाव घेता येत न्हाई. मोलकरीण दाराआड उभी राहून ऐकते. पुस्तकात यातलं काही नव्हतं. मला पुस्तक पाठ होतं, मला ठाऊक होतं. डॉक्टरची पोरगी, लिहिणारी बहीण झाल्ती ती, तिला वाक्यं आठवायची न्हाई. मी झाडू हातात धरून तिला हळूच सांगायचे. शुद्ध मराठीत.

मला हसण्याची चटक लागली, हेबी खरं. मी 'न्हाई' म्हणलं की हशा. मी तो शब्द लांबवायला लागले. न्हाऽई. अजून हशा. मला वाटलं, मी आवडून राह्यले सगळ्यांना.

एक दिवस माय कामावरून आली. पदरानं तोंड पुसलं आन् म्हणली, "बाईंनी मोबाइलात तुझा व्हिडिओ दाखवला. पाहुणे आल्ते त्यांच्याकडं. सगळे लई हसले."

"तू पाहिला?"

"पाहिला ना. मीबी हसले."

मंग ती चुलीजवळ बसली. काडी ओढली. पेटली न्हाई. दुसरी ओढली. माझ्याकडं न बघता म्हणली, "मी अशीच बोलते का गं?"

मी तिच्या हातातली काडेपेटी घेतली आन् चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम. हेडमास्तर समोर खुर्चीवर. बाईंनी मायचं एक लुगडं मागवल्तं. मायनं चांगलं दिलं, धुऊन, घडी घालून. बाईंनी ते उलगडलं. "हे नको, अगं. फाटकं आण म्हटलं होतं ना?"

मी लुगडं त्यांच्या हातातून घेतलं. बराबर घडी घातली.

"बाई, मी हे काम करणार न्हाई."

"आता? परवा कार्यक्रम आहे. काय झालं?"

"भांडे घासायची लाज न्हाई मला. माझी माय घासते. पण ती अशीच बोलते. माझी आक्का अशीच बोलते. त्यात हसायचं काय हाय?"

"अगं, नाटक आहे ते."

"मंग चौघींतल्या एखादीला असं बोलू द्या."

डॉक्टरची पोरगी खाली पाहायला लागली. बाई म्हणल्या, "त्या बहिणी असं बोलत नाहीत."

"आमच्या घरी बोलतात."

आवाज फाटला होता. पण बोलले. हेडमास्तर म्हणले, "हिला बाहेर काढा." कुणी काढायच्या आधी मीच निघाले.

नाटक थांबलं न्हाई. दुसऱ्या एका पोरीनं मोलकरीण केली. पिंकी पाहायला गेल्ती, तिनं सांगितलं. ती पोरगी माझ्यासारखं बोलली. लोक लई हसले.

त्याच आठवड्यात बाईंनी मायला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. एका घरचं काम सुटलं की दुसऱ्या घरच्या बाईनंबी काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी माय म्हणली, "तुझ्या तोंडापायी माझं काम गेलं." खोटं नव्हतं.

आक्का त्या वर्षी घरी बसून दहावीची परीक्षा देणार होती. फॉर्म आणल्ता. मायचं काम गेलं म्हणून तो तसाच राह्यला, ती सगळा सीझन प्लॉटवर गेली. मला म्हणली, "तू केलं ते बराबर केलं. पण मला एकदा विचारायचं होतं." आता तिला दोन लेकरं हायत. दहावी राह्यली ती राह्यलीच. तिला रागवायचा हक्क हाय आन् ती अजून रागावते. मी ऐकून घेते.

मी परतूरला एका शाळेत तासिकांवर मराठी शिकवते. आमच्या चौघींवर कादंबरी लिहून राह्यले. पहिलं प्रकरण एका दिवाळी अंकाला पाठवल्तं. गेल्या महिन्यात संपादकांचा फोन आला. गोड बोलले. "अनुभव दमदार आहे. संवाद बोलीतच ठेवा, त्यानं रंगत येते. निवेदन मात्र प्रमाण भाषेत करून पाठवा. वाचकाला जड जातं."

रंगत येते.

खोटं कशाला सांगू, मी बसले. चार दिवस बसले. छापून येण्याची हाव मलाबी हाय. सगळं प्रकरण परत लिहून शुद्ध केलं. सोपं गेलं, मी तर शिकवतेच ते. मंग आक्काला फोनवर वाचून दाखवलं. एक पान झाल्यावर मी थांबले.

"आक्का, ऐकून राह्यली ना?"

"ऐकून राह्यले. पण हे कोण बोलून राह्यलं?"

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी राह्यले आन् काय लिहायचं तेच विसरले. बोली बोलणाऱ्या तिघी आन् त्यांच्याबद्दल शुद्ध भाषेत सांगणारी मी. बहिणींना मीच दाराआड उभं केलं होतं. बाईंनी केलं तेच, माझ्या हातानं.

सुधारलेलं प्रकरण पुसून टाकलं. संपादकांना कळवलं. माझी माय बोलते तशीच ही गोष्ट सांगणारीबी बोलंल. छापायचं तर असंच छापा. न्हाईतर परत करा. मी दुसरीकडं पाठवीन. तिथून परत आलं तर तिसरीकडं. वाचकाला जड जात असंल तर वाचकानं जोर लावावा. तुमची भाषा शिकायला आम्ही लावला. एक अक्षर बदलणार न्हाई.