भाऊंचं बोट

भाऊ भांडं डोळे मिटून पारखत. जळगावात त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक भांड्याच्या चकाकीत स्वतःचा चेहरा न्याहाळत असे, तोवर भाऊंचं बोट आतल्या सांध्यावरून फिरून आलेलं असे. "चेहरा घरी आरशात बघा," एवढंच ते म्हणत.

मी त्यांच्याकडे गेलो तो घरी बिअर करण्याच्या नादापायी. मागवलेल्या संचात स्टीलचं पिंप, ऐटदार तापमापक आणि जाड पुस्तिका होती. बिअर मात्र तीनदा आंबट निघाली. मित्र तिला ताक म्हणू लागले. चौथ्यांदा बिघडली तर नाद सोडीन, असं मी घरात जाहीर केलं होतं. बायको त्या दिवसाची वाट बघत होती.

भाऊ जैन, कांदाही न खाणारे. त्यांना काय सांगणार? "आंबवायचं आहे, पण फार आंबट होतं," म्हणालो. त्यांनी पुढे विचारलं नाही. मी सोबत नेलेल्या पिंपाची तोटी तेवढी पान्याने खोलली. आट्यांत तीन वेळचा मळ बसला होता. मग पिंपात हात घातला.

"चमक बठ्ठी बाहेर शे, सगळी बाहेर," ते अहिराणीत म्हणाले. "आत ओरखडे, त्यांत मळ राहतो. दुसरं घ्या."

तेव्हा त्यांची नजर जवळजवळ गेली होती. गल्ल्यावर मुलगा, पारस, बसे आणि भाऊंनी आता घरी आराम करावा असा त्याचा आग्रह होता. त्याने सगळ्यांत झळाळतं पिंप काढलं. भाऊंनी हात पुढे केला, तसं तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बाबांना आता दिसत नाही."

भाऊंनी ऐकलं. "आण इकडे."

बोट सांध्यावरून फिरलं आणि तळाशी थांबलं. पारसने मोबाइलचा उजेड आत टाकला. बराच वेळ शोधल्यावर त्याला मोहरीएवढा खड्डा सापडला.

"हे आपल्या दुकानातून जायचं नाही," भाऊ म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांनी मला एक मंद रंगाचं, रुंद तोंडाचं पिंप दिलं. घरी आराम करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

चौथी बिअर साधली. सांगायला गेलो तर भाऊंनी विचारलं, "आंबट?"

"नाही."

"मग पिंप चांगलं शे." श्रेय पिंपाचं. माझं नाही, त्यांचंही नाही.

भाऊ गेल्या वर्षी गेले. परवा दुसरं पिंप घ्यायला गेलो. पारसने एक समोर ठेवलं, डोळे मिटले आणि हात आत घातला. बोट फिरलं, थांबलं.

"हे नको," तो म्हणाला आणि पिंप मागे सारून त्याने दुसरं ओढलं.