मापाचा कुडता

ताई आज कपाटासमोर उभी होती. आत मोजकेच कपडे, सगळे सुती, सगळे एकमेकांवर घालता येतील अशा रंगांचे. दर फॅशनमागे धावणाऱ्या मला ती नेहमी म्हणायची, "चांगलं कापड घे, नीट शिवून घे. मग जन्मभर बघायला नको."

तिचं म्हणणं खरंच होतं. तिच्या निळ्या कुडत्याचा रंग विटला नव्हता, एकही शिवण उसवली नव्हती. तिने तो घातला आणि आजारपणाने वाळलेल्या खांद्यांवरून तो खाली ओघळला.

"शिंप्याकडून घट्ट करून आणते," मी म्हटलं.

"अगं, मागच्या महिन्यातच घट्ट केला होता ना."

कापड कसं जपायचं ते तिला ठाऊक होतं. अंग असं दिवसेंदिवस आटत चाललं तर काय करायचं, हे आम्हां दोघींनाही ठाऊक नव्हतं. मी तिच्या मागे उभी राहिले आणि पाठीवरचं सैल कापड चिमटीत धरलं. आरशात कुडता पुन्हा तिच्या मापाचा दिसू लागला.

"बघ, बसला की नीट!" ताई इतकी खुलून म्हणाली, की मला हात काढवेना.