करवतीची दुसरी मूठ

सत्कार मिस्त्रींचा होता आणि मिस्त्रींचं लक्ष सगळा वेळ दाराकडे. नव्वदी ओलांडलेला सुतार व्यासपीठावर बसवलेला, सभागृह खच्चून भरलेलं, आणि म्हाताऱ्याची नजर उशिरा येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर जाऊन परत फिरत होती. धाकटा भाऊ आलेला नव्हता.

वक्ते शांततेवर बोलत होते. शांततेवर बोलताना माणसं इतका आवाज का चढवतात, कोण जाणे! कोणी शांतिदूत म्हणालं, कोणी दीपस्तंभ. खरी गोष्ट साधी होती. वस्तीत दोघांचं बिनसलं की मिस्त्री त्यांना कारखान्यात बोलवायचे, लाकडी घोडीवर ओंडका चढवायचे आणि दोन मुठींच्या मोठ्या करवतीला दोघांना जुंपायचे.

"फक्त ओढायचं. ढकललंत तर पातं वाकेल. आपलं ओढून झालं की हात सैल सोडायचा."

आधी दोघं एकमेकांवर डाफरायचे, करवत अडकायची. मग दम लागायचा. दमलेल्या माणसाला भांडायची हौस राहत नाही. ओंडका तुटेपर्यंत निम्मं काम झालेलं असायचं. उरलेलं मिस्त्री पाणी पाजून करायचे. सासवा-सुना, भाडेकरू-घरमालक, दंगलीनंतर तर दोन्ही गल्ल्यांचे म्होरके, सगळ्यांनी त्या मुठी धरल्या होत्या.

त्यातली एक मूठ मुळात धाकट्याची. तरुणपणी दोघे भाऊच ती करवत ओढायचे. दातांना कानस लावावी ती धाकट्यानेच. मिस्त्रींचा हात त्यात कधी बसला नाही. दंगलीच्या दिवशी मिस्त्री पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. ती गल्ली वाचली. इकडे धाकट्याचं दुकान जळून गेलं.

"जगाची घरं राखलीस, माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस," एवढं बोलून तो गेला, आणि मागच्याच आळीत राहून परका झाला. साऱ्या वस्तीला बोलावणाऱ्या मिस्त्रींची त्याला बोलवायला मात्र जीभ रेटेना. आणि या दोघांना करवतीला जुंपणार कोण? तेवढी छाती कोणाची नव्हती.

भाषणं एकदाची संपली आणि सत्कार समितीने भेटीवरचा पडदा सरकवला. तीच करवत! कारखान्यातून गुपचूप नेलेली, मखमली फळीवर ठोकलेली, वर सोनेरी रंग फासलेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दातांच्या फटींत रंग थिजला होता. मिस्त्रींचा चेहरा उतरला.

"बाबा, जरा हसा ना," लेक कानाशी लागली.

"हिचं काय करून ठेवलं गं यांनी?"

लेक शाळेत शिकवणारी. कोणाची भीडभाड म्हणून नाही. ती तडक काकाकडे गेली आणि करवतीचं काय झालं ते सांगून आली.

खुर्च्यांवर खुर्च्या चढायला लागल्या तेव्हा धाकटा काठी टेकत आला.

"मी काही सत्काराला आलेलो नाही," त्याने दारातूनच बजावलं.

"बरं," मिस्त्री म्हणाले.

त्याने दातांवरून नख फिरवलं. "कोणा गाढवाचं काम हे?"

"समितीचं."

"आणि तू नुसता बघत बसलास, दादा?"

"मी दाराकडे बघत होतो."

धाकट्याने मान करवतीकडे वळवली. मग पुतणीवर खेकसून त्याने खिळे काढवले, करवतीचं एक टोक तिला धरायला लावलं, दुसरं आपण धरलं आणि मागे न बघता चालू पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्रींनी लेकीकडून घोडीवर ओंडका चढवून घेतला.

"बाबा, हे काय वय आहे?"

"असू दे गं. नुसता असू दे."

आपल्या बाजूला स्टूल ओढून ते बसले. समोरच्या बाजूला दुसरं ठेवलं, त्यावरचा भुसा हाताने झाडला. मागच्या आळीतून कानशीचा आवाज येत होता. एक दात झाला की थांबायचा, पुढच्या दातावर पुन्हा सुरू व्हायचा. थांबला की दर वेळी म्हातारा दाराकडे बघायचा.