विट्याला पूर येत नाही

विट्यातल्या एका बंद बंगल्याच्या हॉलमध्ये मी उभी होते. वितळलेलं रबर चपलेला चिकटत होतं. कॅरम बोर्ड, बॅटी, कबड्डीच्या मॅट, धावायचे बूट, सगळ्याचा मिळून एकच काळा ढीग झाला होता. हातातल्या पॉलिसीवर मात्र पत्ता सांगलीचा होता.

"हणमंतराव, हा माल इथं कसा?"

"आवं मॅडम, कृष्णेचं पानी चढाया लागलं की ज्याला जमंल त्यो माल हलवतोय. विट्याला काय पूर येतोय व्हय?"

हणमंतराव जाधव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सांगलीत त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक भरतीची तयारी करणारी पोरं. बंगला त्यांच्या धाकट्या भावाचा. भाऊ गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करण्याच्या कामात, सगळं कुटुंब घेऊन दक्षिणेत गेलेला. विट्यात असे बंगले पुष्कळ. बाहेरून ऐसपैस, आत चिटपाखरू नाही.

मी सर्व्हेअर. जमीन मोजणारी नव्हे. नुकसान झालं की ते तपासायला विमा कंपनी बाहेरचा माणूस नेमते, ती मी. साताऱ्यात राहते, एकटीच. लोकांच्या सगळ्यात वाईट दिवशी मी त्यांच्या दारात उभी असते, आणि काम झाल्यावर माझं तोंड पुन्हा दिसू नये असंच त्यांना वाटतं. त्यात त्यांचं काही चुकत नाही. सवय होते म्हणतात, मला अजून झालेली नाही.

आगीचं कारण सरळ होतं. गेलेली लाईट परत आली ती जास्त दाबानं. विजेच्या बोर्डात ठिणगी पडली. बोर्डाला टेकूनच मॅटची थप्पी लावलेली. फोम आणि रबर पेटायला कितीसा वेळ लागतो! बंगला बंद, त्यामुळे धूर रस्त्यावर येईपर्यंत कुणाला पत्ताच नाही. हणमंतराव त्या वेळी सांगलीत होते, आणि पुरामुळे सांगलीतून बाहेर पडायचे रस्ते बंद होते. आपला माल जळतोय हे त्यांनी फोनवर ऐकलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या सांगलीच्या दुकानातही पाणी शिरलं. शेजारच्या कापडवाल्यानं माल हलवला नव्हता, नुसता माळ्यावर टाकला होता. तो भिजून गेला. पुढच्या स्टेशनरीवाल्याचंही तेच. त्या दोघांच्या फायली माझ्याकडेच होत्या. माल पॉलिसीतल्या पत्त्यावर, नुकसान पुरानं, पुराचं कव्हर घेतलेलं. मला काही शोधावंच लागलं नाही, दोन्ही क्लेम मंजूर झाले.

हणमंतरावांच्या फाईलसाठी मी कंपनीच्या मॅनेजरांना भेटले.

"लोकेशन?" त्यांनी विचारलं.

"विटा."

"पॉलिसीवर?"

"सांगली."

"मग विषय संपला, मॅडम."

"सर, त्यांनी नुकसान टाळायलाच माल हलवला. विमा नसता तर जेवढी काळजी घेतली असती तेवढी घ्या, असं आपणच सांगतो ना?"

"काळजी घ्या सांगतो. विट्याला न्या असं नाही सांगत. आणि नेला, तर एका ओळीचा ईमेल करायला काय झालं होतं?"

पुराचं पाणी चढत असताना आमच्या भागातला माणूस टेम्पोवाल्याला फोन करतो, भावाला करतो, मेव्हण्याला करतो. विमा कंपनी त्याला आठवते ती सगळं संपल्यावर. तरी मी रिपोर्टमध्ये हेतू चांगला होता असं स्पष्ट लिहिलं आणि विचार व्हावा अशी शिफारस केली. विचार झाला. सांगलीच्या दुकानातलं भिजलेलं काउंटर आणि रॅक मंजूर. विट्याचा सगळा माल नामंजूर.

निकाल कळवणं सर्व्हेअरचं काम नाही, पत्र कंपनीकडून जातं. तरी मी त्यांच्या दुकानी गेले. बाजूला कापडवाल्याचं दुकान नव्या रंगात उघडलं होतं. हणमंतराव रिकाम्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले होते.

"बसा. पत्र आलंय," ते म्हणाले. "एक इचारू? माल हितंच बुडू दिला असता, तर मिळालं असतं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "हो," मी म्हटलं.

ते हसले. "समदी पेठ मला शहाना म्हनत हुती. आता कुनी दुकानाची पायरी चढत न्हाई. काय बोलायचं हेच कळत नसंल बिचाऱ्यांना. भाऊबी बोलत न्हाई. त्याचा बंगला जळला न्हवं."

मला फार वाईट वाटलं. काहीतरी द्यावं म्हणून माझ्याकडे होतं तेच दिलं. पॉलिसीत दुसरा पत्ता आधीच घालून घ्या, त्याला एंडोर्समेंट म्हणतात, म्हणजे पॉलिसीला जोडलेली दुरुस्ती. वायरिंग तपासून घ्या. रबर आणि फोम बोर्डापासून लांब ठेवा. बंद घराचा मेन स्विच बंद ठेवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फौजेत ऑर्डर ऐकावी तसं. घरी येताना मला माझीच लाज वाटली. माणूस उघड्यावर पडला होता आणि मी त्याला मेन स्विच सांगून आले होते.

पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. क्लेम नामंजूर झालेला माणूस मला फोन करतो तो शिव्या द्यायला. मी मनाची तयारी करून उचलला.

"मॅडम, पानी चढतंय. माल विट्याला आनलाय. भावानं किल्ली धाडली, बोलला न्हाई, पन धाडली. पत्ता पॉलिसीत घातलाय. मेन स्विच बंद हाय."

"उत्तम केलंत. पण हे मला कळवायची गरज नसते."

"म्हाईत हाय की. पन एवढ्या मोठ्या घरात अंधारात एकटाच बसलोय. म्हटलं, कुनाला तरी सांगावं."

या अनुभवातून इतरांनी घ्यायचं ते एवढंच: विमा मालाचा असतो, पण पत्त्यासकट. माल हलवण्याआधी कंपनीला लेखी कळवा, आणि उत्तर हातात पडल्याशिवाय टेम्पो भरू नका. हणमंतरावांना मी हेच पुन्हा सांगू लागले, तर त्यांनी मला मध्येच तोडलं.

"त्ये ऱ्हाऊ द्या. जेवलासा का?"

या कामात आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. टाइप करत होते तो रिपोर्ट मी बाजूला सारला.

"नाही अजून," मी म्हटलं. "तुम्ही?"