मावशींच्या मापाचा पडदा

शनिवार, ३ ऑगस्ट. हजर: डॉक्टर, मी, बाकड्यावर नऊ पेशंट. गैरहजर: मावशी.

सवयीने लिहिलं आणि खोडलं. मावशी आता कुठल्याच शनिवारी येणार नाहीत.

औरंगपुऱ्यातला आमचा दवाखाना त्वचारोगाचा. मावशी तिथं झाडूपोछा करायच्या, पेशंटना आत-बाहेर करायच्या. मी टेबलावर बसते. नाव, वय, गाव, तक्रार, असे रकाने भरते. टेबलापासून बाकडं चार हातांवर. अशा बाकड्यावर तुम्हीही बसला असाल. तिथं सगळ्यांची मान खाली असते आणि कान टेबलाकडे.

मावशींची उभं राहायची तऱ्हा ठरलेली. टेबलाशी कुणी आलं की दोन्ही हात कमरेवर, कोपरं बाहेर, पाठ बाकड्याकडे. अंगानं त्या भरदार. पलीकडच्यांना ना दिसायचं ना ऐकू यायचं.

ही तऱ्हा एका गृहस्थांमुळे सुरू झाली. लासूर स्टेशनचे, चाळिशीचे, आडतीच्या दुकानात बसणारे. तक्रार सांगितली, "कोपराला खाज." आत गेले, कोपर दाखवलं, मलम घेऊन निघाले. पंधरा दिवसांनी पुन्हा कोपर. तिसऱ्यांदा आले तेव्हा मावशी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"दादा, कोपर तर झकास हाय. मग बसताना तिरपं का बसता?"

गृहस्थ लाल झाले. मावशींनी त्यांना सगळ्यात शेवटी आत नेलं आणि दारातूनच सांगितलं, "डॉक्टरसायब, ह्यांचं कोपर जरा खालच्या अंगाला हाय."

जखम होती. दोन महिने लपवलेली. औषधाने बरी झाली. पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते बायकोलाही तपासायला घेऊन आले.

त्या दिवशी मावशी मला म्हणाल्या, "ताई, माणसं लाजंपायी खोटं बोलतेत. इथं एक पडदा लावा."

मी डायरीत लिहिलं, 'पडदा: माप घेणे.'

"माप कशाला? माझ्याच मापाचा घ्या. तवर मी हाय ना पडदा!"

आणि त्या होत्या, म्हणून पडदा राहून गेला. पेशंट निघताना प्रत्येकाच्या कानात त्यांचा एकच मंत्र: "फोडायचं नाय, फासायचं नाय, दाखवायचं."

मग तीच वेळ माझ्यावर आली.

आंघोळीच्या वेळी हाताला लागलं. अवघड जागी दोन पुटकुळ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. दुखत नव्हत्या. अकरा वर्षं मी लोकांच्या तक्रारी लिहिल्या होत्या; पण स्वतःची लिहिता येईना. डायरीत रोजच्या कामांची यादी असते. गॅस नोंदवणे, टाकीचा व्हॉल्व्ह, आणि तिसरं नुसतंच 'दाखवणे'. पहिली दोन खोडली जायची. तिसरं दुसऱ्या दिवसावर जायचं.

भीती दोन होत्या. एक कॅन्सरची. दुसरी यादीत लिहिता न येणारी: नवऱ्याची बदली नांदेडला, तो आठवड्यातून एकदा घरी यायचा. हे त्याच्याकडून तर आलं नसेल, असं नको ते माझ्या मनात आलं. मी त्याच्याशी फोनवर तुटक बोलायला लागले. शिवाय मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून फासली. मी! आग व्हायला लागली, जागा लाल झाली.

मावशी अक्षरावर बोट ठेवून वाचायच्या. एका दुपारी बोट माझ्या डायरीवर थांबलं.

"दाखवणे. काय दाखवणे?"

"काही नाही हो."

"पाच आठवडं तेच लिव्हलंय. बाकी समदं खोडलंय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कोपर का?"

मी हसले, आणि हसता हसता रडले.

"आपल्या डॉक्टरांना कसं दाखवू, मावशी? रोज समोरासमोर चहा घ्यायचा."

"मग बाईमाणसाला दाखवू. शहर काय एकाच डॉक्टरवर चालतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रिक्षात घातलं आणि पुंडलिकनगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथंही टेबल आणि समोर बाकडं. टेबलावरच्या मुलीने "तक्रार?" म्हणायच्या आत मावशी मध्ये उभ्या. हात कमरेवर.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याच्या उजेडात नीट पाहिलं. कधीपासून, वाढतंय का, रक्त येतं का, फोड-जखम-ताप, सगळं विचारलं. नवऱ्याबद्दलही विचारलं, भाजीचा भाव विचारावा तितक्या सहज. एक पुटकुळी म्हणजे तेलाची ग्रंथी तुंबलेली. दुसरीचा छोटा तुकडा तपासायला घेतला. "नुसतं बघून मी शपथेवर सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "अशी प्रत्येक गाठ वाईट रोगाची नसते. पण दोन आठवड्यांत जात नसेल तर दाखवायचं. वाढली, रंग बदलला, रक्त आलं, फोड किंवा जखम झाली, तर तेवढंही थांबायचं नाही. आणि ती ट्यूब आजपासून बंद."

रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मावशींनी मला एकदाही 'काही होणार नाही' म्हटलं नाही. फक्त रोज दुपारी शेजारी बसून डबा खाल्ला.

रिपोर्ट चांगला आला. दुसरीही साधीच गाठ. त्या संध्याकाळी मी नांदेडला फोन लावला. सगळं सांगितलं, मनात काय आलं होतं तेही. तो म्हणाला, "आधी मला सांगायचंस." दुखावला होता, पण शनिवारी नेहमीच्या गाडीने आला.

'दाखवणे' मावशींनीच खोडलं. पेन मागून घेतलं आणि एवढं दाबून ओढलं, की मागच्या पानावर अजून वळ आहे.

पुढे त्यांचे गुडघे गेले. त्या लेकीकडे लासूर स्टेशनला राहायला गेल्या आणि गेल्या हिवाळ्यात तिथंच वारल्या.

आज एक बाई टेबलाशी आल्या. "तक्रार?" मी विचारलं. त्यांनी मागे वळून बाकड्याकडे पाहिलं.

"हाताला... खाज."

मी लिहायची थांबले. टेबलाला वळसा घालून आले, बाकड्याकडे पाठ केली, हात कमरेवर ठेवले. "ताई, तक्रार आत डॉक्टरांनाच सांगा. कुठं आहे तेही."

त्यांनी मान हलवली. पण मी अंगाने बारीक. त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, माझ्या दोन्ही बाजूंनी बाकडं उघडंच आहे.

डायरी काढली. पडदा: माप घेणे. अजून राहिलंय.