साइड देणारे नाना

मुलांनो, तुमचा नवा मोटारशर्यतीचा खेळ अगदी खऱ्यासारखा आहे का, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत. मी कधी गाडी चालवली नाही, पण या विषयातला एक परीक्षक पाहिला आहे. ते विसरण्याआधी लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धुळे स्टँडसमोरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात आमच्या पिंपळनेर एसटीचे ड्रायव्हर शर्यत खेळायला बसले. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. सगळे नाना म्हणत. थोड्या वेळाने आमचा जीव त्यांच्याच हाती जाणार होता, म्हणून आम्ही प्रवासी दारात उभे राहून पाहू लागलो.

नानांनी आधी हॉर्न शोधला. तो नव्हता. "स्टेरिंग लोणी शे, पन गाडीले वजन नही," ते अहिराणीत म्हणाले. "आनि एक बी खड्डा नही? हाऊ रस्ता खोटा शे!" तेवढ्यात पडद्यावर मागून एक गाडी आली. नानांनी खिडकी नसतानाही उजवा हात बाहेर काढून तिला पुढे जायची खूण केली. मग एकेक करत सगळ्यांनाच साइड दिली.

नानांचा नंबर शेवटचा आला.

"नाना, आते आमनं कसं व्हई?" कंडक्टरने डिवचलं.

नाना टोपी घालत उठले. "आपले पहिलं नही जानं, भाऊ. बठ्ठासले लई जानं शे." म्हणजे, सगळ्यांना घेऊन जायचं आहे.

मी मुद्दाम त्यांच्या मागच्याच बाकावर बसले, आणि साक्री येण्याआधीच माझा डोळा लागला.

ते दुकान आता नाही. पिंपळनेरची एसटी अजून सुटते.