रंध्यावरचा खळगा

दार फुगून चौकटीत अडकायला लागलं, म्हणून आज सुताराला बोलावलं. त्याचा रंधा बाभळीचा, त्यानेच घडवलेला. "पातं विकतचं, लाकूड माझं," तो म्हणाला. अंगठा टेकतो तिथे लाकूड झिजून खळगा पडला आहे. तो चहाचा ग्लास घेऊन बाहेर गेला तेव्हा मी त्यात माझा अंगठा ठेवून पाहिला. बसेना.

गावातल्या वाचनालयासाठी मीही पुस्तकांच्या नोंदींचा एक कॉम्प्युटर प्रोग्राम लिहिला होता. तयार मिळत होते, पण आमच्याकडे एका कार्डावर सगळं घर पुस्तकं नेतं, हे त्यांना कुठून कळणार? माझ्या प्रोग्रामला कळायचं. मात्र तो सारखा बंद पडायचा. मग वाचनालयाच्या बाईंचा फोन यायचा, "सर, परत अडकलंय." मी कुरकुरत चपला घालायचो आणि दुपार तिथेच जायची.

गेल्या वर्षी समितीने विचारलं, हाच ठेवायचा की तयार घ्यायचा? मीच म्हणालो, तयार घ्या; माझ्यामागे हा कोण सांभाळणार? ते बरोबरच होतं. स्वतः घडवलेली वस्तू हाक मारत राहते, विकतची मुकाट काम करते. परवा बाई रस्त्यात भेटल्या. "आता तुम्हाला काही त्रास नाही, सर," त्या मनापासून म्हणाल्या.

सुताराने दार लावून दाखवलं. जराही आवाज झाला नाही.

"आता अडकायचं नाही," असं म्हणून तो रंधा पिशवीत ठेवू लागला.

मी म्हटलं, "बसा, अजून एक चहा टाकतो."